बाबांनी खुर्चीला दिलेले नऊ

२ मार्च, सोमवार
मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, मार्केट ॲनालिसिसचं नवीन सॉफ्टवेअर कुणाला येतं? माझा हात वर गेला. मी वर केला असं म्हणता येणार नाही, तो गेला. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनीही केला होता, पण अर्धाच. काम मला मिळालं.
डायनिंग टेबलाबरोबर कंपनीने जी घडीची खुर्ची फुकट दिली, तिच्याबद्दल चारशे गिऱ्हाइकांना फोन करून मार्क विचारलेत. त्याचे तक्ते काढायचे. लोकांना आवडली असेल तर खुर्ची वेगळी विकायला काढणार, आणि ते खातं कुणाकडे जाणार हे उघड आहे.
घरी सांगितलं. ही म्हणाली, ‘येतं का तुम्हाला ते?’ विचारण्याची पद्धत आवडली नाही.
संकल्प: रोज पहाटे उठून सॉफ्टवेअर शिकणे.

३ मार्च
उशिरा उठलो. मेंदू ताजा असेल तरच शिकलेलं टिकतं.

४ मार्च, दुपार
शिकवणीचा व्हिडिओ लावला. माणूस फार हळू बोलतो म्हणून दुप्पट वेगाने लावला. मग काही कळेना म्हणून बंद केला. तत्त्व लक्षात आलं: डावीकडे प्रश्न, वर गिऱ्हाइकांचे गट, मध्ये आकडे. बाकी सरावाचा भाग.

४ मार्च, संध्याकाळ
पहिला तक्ता काढला. प्रत्येक प्रश्न प्रत्येक प्रश्नासमोर टाकला गेला आणि प्रिंटचं बटण दाबलं गेलं. प्रिंटर थांबेचना. अकाउंट्सवाले उठून बघायला आले. एका पानावर लोकांच्या फोन नंबरांची सरासरी निघाली होती.
मॅडम म्हणाल्या, मदत करू का? मी म्हटलं, मुद्दाम केलंय, मशीन तपासत होतो. त्यांनी प्रश्नावली आणून ठेवली. ‘एकदा वाचून घ्या, कोड दिलेत त्यात.’ बाईंचा माझ्या कामावर डोळा आहे. प्रश्नावली जाड आहे. चहाचा कप चांगला राहतो तिच्यावर.

५ मार्च
जमलं! ‘समरी स्टॅटिस्टिक्स’वर एक टिचकी मारली की सगळं आपोआप येतं. खुर्चीची सरासरी ७.१. मीडियन, म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं केलं तर मधला माणूस, त्याने दिलेत चक्क ९. दहापैकी! दहा मात्र कुणीच दिले नाहीत. लोक तोलून बोलतात. सहा, सात, आठही कुणी दिले नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक ठाम मताचं आहे. स्टँडर्ड डेव्हिएशन ३.१. जास्त की कमी ते माहीत नाही, पण स्टँडर्ड आहे.
मॅडमनी तक्ता पाहिला, तोंड उघडलं आणि मिटलं. वाईट वाटलं असणार.

६ मार्च
आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे. मूळ डेटा चाळत होतो, तर त्यात बाबांचा फोन नंबर! घरचं डायनिंग टेबल त्यांच्याच नावावर घेतलं होतं. उत्तरं गोपनीय असतात, म्हणून एकदाच पाहिलं. मग खात्री करायला परत.
खुर्ची: ९.
बाबा रिटायर्ड हेडमास्तर. माझ्या निकालाला ‘बरं’ म्हणाले होते, लग्नाला ‘ठीक’, आणि या नोकरीला नुसतंच ‘फर्निचर?’ खुर्ची घरी आली तेव्हा काही न बोलता तिच्यावर टॉवेल वाळत घातला, तो आजतागायत. आणि अनोळखी माणसाला फोनवर सांगतात नऊ! दहापैकी नऊ त्यांनी शाळेत कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.
वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. ऑफिसचा साबण डोळ्यांत फार जातो.

८ मार्च, रविवार
बाबांशी मोकळेपणाने वागायचं ठरवलंय. त्यांचा चष्मा पुसून दिला. पेपर वाचत होते तर शेजारी बसून राहिलो. थोड्या वेळाने ते आत गेले आणि हिला विचारलं, याची नोकरी गेली का?
खुर्चीवरचा टॉवेल काढून म्हटलं, बसा ना बाबा. म्हणाले, ‘ओला आहे तो. घाल परत.’
किती लपवायचं एखाद्याने!

९ मार्च
लिहावंसं वाटत नाही.
तक्ता पडद्यावर लावला. साहेब म्हणाले, ‘पाचपैकी सात?’ मी हसून म्हटलं, दहापैकी, साहेब. साहेबांनी प्रश्नावली उघडली. त्यांच्या प्रतीवर कपाचा डाग नव्हता. मार्क एक ते पाच.
मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, ‘नऊ हा कोड आहे. नऊ म्हणजे वापरलीच नाही. ते वगळून सरासरी काढायची असते.’ तिथेच, सगळ्यांसमोर वगळले. चारशेतली एकशे दहा माणसं उरली. सरासरी २.१.
साहेब म्हणाले, ‘म्हणजे जे खुर्चीवर बसलेच नाहीत, ते तुम्हाला सगळ्यात खूश वाटले.’
मी म्हटलं, एका अर्थी असतीलही. आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.
खातं मॅडमकडे गेलं. माझ्याकडे आले दोनशे नव्वद फोन: खुर्ची का वापरली नाही, ते विचारा.
खात्याचं एक वेळ सोसेन. पण जेवताना बाबांकडे बघवेना. त्यांनी भाजीला ‘बरी’ म्हटलं. भाजीलासुद्धा.

११ मार्च
यादीप्रमाणे फोन करतोय. निम्मे लोक विचारतात, कुठली खुर्ची? दुपारी बाबांचा नंबर आला. वगळावासा वाटला, पण आता काही वगळायचं म्हटलं तरी धडकी भरते. घसा खाकरून जाडा आवाज काढला आणि प्रश्न वाचला.
बाबा इन्स्पेक्टर शाळेत आल्यासारखे अदबीने बोलले. ‘असं आहे साहेब, ती माझ्या मुलाच्या कंपनीची. मी बसणार, तो विचारणार कशी आहे, आणि मला खोटे मार्क देता येत नाहीत. त्यापेक्षा बसलोच नाही.’
जाड्या आवाजातच म्हटलं, बरं.
‘आणि घसा बसलाय तुझा,’ बाबा म्हणाले. ‘गरम पाणी पी. येताना दूध आण.’
कारणांच्या यादीत याला कोड नाही. ‘इतर’मध्ये टाकलं.
दूध विसरलो.