आईचा बंब आणि सहा पोती

भांडुप (पश्चिम),
८ नोव्हेंबर २०२५

ती. सुगंधाताईस,
शिवदासचा शि. सा. न. वि. वि. इकडे आम्ही खुशाल. तिकडची खुशाली सविस्तर कळव, ‘बरी आहे’ एवढ्यावर भागवू नकोस. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणतेस, म्हणून पंधरा वर्षांनी पत्र लिहायला बसलोय. अक्षर सांभाळून घे.

भाऊबीजेला मनोरीला आलो तेव्हा आईच्या बंबाजवळ माझं धुळीचं मीटर लावलं होतं. तू त्यालाही कुंकू लावलंस. राहू दे, पण काचेवरचं तेवढं पूस, आकडा दिसत नाही. मी टिपलेले आकडे असे: अंगणात ३८, तू बसतेस त्या पाटाजवळ ६४०. एकदा नव्हे, तीनदा घेतले. सौरभच्या खोल्यांत उतरणारे पाहुणे बंबाचं पाणी म्हणून कौतुक करत आंघोळ करून जातात, आणि तो तुझा मुलगा त्यांचे फोटो काढतो. सकाळचे दोन तास धूर खातेस ती तू.

माझी शाळा आठवीत सुटली, पण या विषयात आता मला कोणी गुंडाळू शकत नाही. चार महिने वाचतोय. लाकडाच्या धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. ते नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाला जाऊन बसतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड. लाकूड ओलं असलं की ते धुमसतं आणि हे सगळं वाढतं. म्हणजे दोष तुझ्या अंगणातल्या सुरूच्या ओल्या फाट्यांचा.

तेव्हा ऐक. ओवाळणीत दिलेली सहा पोती तू नव्या साडीसारखी जपून ठेवली आहेस. ती उघड, आणि यापुढे तेवढंच जाळ. माझ्या वर्कशॉपमधले प्लायचे तुकडे आहेत, खणखणीत कोरडे, सगळे सात इंची. नळीत अलगद उतरतील. मीटर तुझ्याकडेच ठेवलंय. दोन आठवड्यांनी आकडा कळव.

धाकट्याचं एवढं ऐकशील, ही खात्री आहे.
तुझा,
शिवदास


मनोरी,
२६ नोव्हेंबर २०२५

चि. शिवदास यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र पोचलं. माझी सून दीप्ती म्हणाली, मामांच्या पत्रात विजेच्या बिलापेक्षा जास्त आकडे आहेत. मी तिला म्हटलं, लहानपणी हा ताटातल्या पोळ्यांच्या कडासुद्धा पट्टीने मोजायचा.

सांगितलंस तसंच केलं. सुरूचे फाटे कुंपणाला लावून टाकले, रोज तुझेच तुकडे. भडकन पेटतात, धूर दिसतसुद्धा नाही. मीटरवर २१० येतात. तीनदा घेतले, उगाच उलटतपासणी नको.

एवढंच की पाटावर बसलं की डोळ्यांतून पाणी येतं आणि घसा धरतो. नवं कपाट पहिल्यांदा उघडल्यावर येतो ना, तसला उग्र वास. पडवीत झोपणारी मांजर शेजारी राहायला गेली. दीप्तीही वाळत घातलेले कपडे मागच्या दारी नेते. थंडीचे दिवस, होतं असं. तू मनाला लावून घेऊ नकोस. दोन पोती संपली, चार आहेत. माझ्या भावाने मापात कापून दिलेत, असं पाहुण्यांनाही दाखवते.

मी बरी आहे. हे वाक्य तुला चालत नाही, पण दुसरं सुचत नाही.
इथला जीव तुमच्यात आहे, विसरू नये.
तुझी ताई


भांडुप (पश्चिम),
२ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
नमस्कार. आधी हे कर: बंब विझव. मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ६४० चे २१० झाले, खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती. नव्या कपाटाच्या वासाशी आलो आणि पुढे वाचता येईना. तो वास मी चाळीस वर्षं घेतोय, ताई. तो प्लायमधल्या डिंकाचा. लाकडाचे पापुद्रे ज्याने चिकटवतात, त्यात फॉर्मल्डिहाइड असतं. जाळलं की ते सुटतं, आणि त्याच्याहून वाईट वायूही. धूर दिसत नाही म्हणून माणूस जवळ बसतो. माझं मीटर धूळ मोजतं, वायू त्याला कळत नाही. आणि ते नाव मीच तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं, यादीत शेवटचं.

सुरूचे फाटे ओले होते हे खरं, पण ते निदान लाकूड होतं. तुला मी ओवाळणीत काय घातलं, हे लिहायला हात धजत नाही.

काल राहवलं नाही, फोन केला. दीप्तीने उचलला. बंब विझवायचा हे तिलाही सांगितलंय, पण तू कागदावर लिहिलेलंच मानतेस. मागे तू खोकत होतीस. मी घड्याळ बघत होतो, सवयच वाईट. बावीस सेकंद. दीप्ती म्हणाली, तुला डॉक्टरांना दाखवून आणलंय, आणि तुला ऐकू छान येतं. पत्राचा हट्ट कशासाठी होता ते तेव्हा कळलं. पत्रात खोकला ऐकू येत नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते सगळं लिही, काही गाळू नकोस.
तुझा चुकलेला,
शिवदास


मनोरी,
९ डिसेंबर २०२५

चि. शिवदास यास,
आशीर्वाद. आजपासून गाळायचं नाही, ठरलं.

मालाडच्या डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकर मारायला लावली. कागद बघून विचारलं, विडी किती वर्षं ओढता? मी म्हटलं, विडी नाही, बंब. त्या हसल्या नाहीत. फुप्फुसं बरीच आखडलीत, झालेलं सगळं परत येणार नाही, पण धूर बंद केला तर पुढचं थांबवता येईल म्हणाल्या. औषधाचा फवारा ओढायचा पंप दिलाय, सकाळ-संध्याकाळ. काय जाळता, असंही विचारलं होतं. मी तोऱ्यात सांगितलं, भावाने दिलेलं कोरडं लाकूड. प्लाय म्हणाले असते तर त्यांनी तेव्हाच ओळखलं असतं. म्हणजे अर्धी चूक माझ्या तोऱ्याची. तीस वर्षं मी बंबापुढे बसतेय रे, सगळं एका महिन्यावर ढकलून स्वतःला एवढा मोठा करू नकोस.

खोल्यांत सौरभने गीझर बसवले. पाहुणे कुरकुरतात, कुरकुरू देत. बंब चिंचेने घासून पडवीत ठेवलाय. मांजर परत आली, त्याच्या गार पोटाला टेकून झोपते.

उरलेली तीन पोती बांधून ठेवलीत. ती परत न्यायला वर्कशॉपचा टेम्पो रस्त्याने भाईंदरवरून येऊ दे. तू मात्र मार्व्याच्या बोटीने ये, मी जेटीपर्यंत चालून दाखवते. मधे दोनदा बसेन.

आणि आता फोन करत जा. बोलता बोलता खोकला आला तर थांब. मोजू मात्र नकोस.

वाट बघते.
तुझी ताई