म्हशीच्या कानाला शिशाचा मणी

सर, म्हशीच्या डोक्याची ती फिल्म अजून माझ्याकडे आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं वाक्य कानात तसंच आहे: "बटणं दाबणाऱ्याला शरीररचना कळत नसते." आज त्याला उत्तर देतोय.

तुम्ही पशुवैद्यकीय कॉलेजात आयुष्यभर जनावरांचे मेंदू सुरीने कापून शिकवलेत. मी ठाण्याच्या एका सेंटरमध्ये सीटी स्कॅनचं मशीन चालवायचो, मॅट्रिकनंतर कुठल्याही कॉलेजची पायरी न चढलेला. मशीनचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन तीन वेळा वाचलेलं. कवटी न फोडता म्हशीचा मेंदू दाखवतो, हे तुमच्या डोंबिवलीच्या घरी बसून मीच म्हणालो होतो. तुम्ही हसला नाहीत, एवढं मान्य.

रविवारी दुपारी, पेशंट नसताना, कल्याणच्या तबेल्यातून मेलेल्या म्हशीचं डोकं येतं. दोन प्लास्टिकांत गुंडाळलेलं, मशीनच्या कड्यातून जावं म्हणून शिंगं करवतीने उतरवलेली. पेशंटचं नाव टाकल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. तुम्ही म्हणता, "टाक, कल्याणच्या आजीबाई." फिल्मवर डावं-उजवं उलटू शकतं, म्हणून उजवी बाजू ओळखायला वडिलांच्या मासेमारीच्या जाळ्याचा एक शिशाचा मणी मी कोपरीच्या घरून खिशात घालून आणलेला. आमच्या घरी मासा साफ करायला घेतात तसं ते डोकं, तोंड माझ्याकडे करून ठेवलं आणि मणी उजव्या कानाला बांधला. अगदी टोकाला, कारण शिशामुळे चित्रात उमटणाऱ्या रेघा मेंदूवर येता कामा नयेत. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चित्र स्वच्छ आलं. मेंदूत, मण्याच्याच बाजूला, पाण्याची पिशवी होती, लिंबाएवढी. मी लिहून दिलं: उजवीकडे. दुसऱ्या दिवशी कॉलेजात, विद्यार्थ्यांसमोर आणि माझ्यासमोर, तुम्ही कवटी उघडलीत. पिशवी निघाली, लिंबाएवढीच. पण डावीकडे.

"अरे, बाजूच चुकली की तुझी. जिवंत असती तर तू मारली असतीस तिला."

"फिल्म खोटं बोलत नाही, सर. ट्रेमध्ये तुम्हीच मेंदू उलटा ठेवला असेल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग तुम्ही ते बटणांचं वाक्य बोललात, आणि या म्हशीवर लिहिलेल्या तुमच्या लेखात माझ्या फिल्मला जागा दिली नाहीत. ते चूक होतं, आजही म्हणतो. पिशवी आहे, एवढी आहे, इतकी खोल आहे, हे सुरी लागायच्या आधी कुणी सांगितलं? मी. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी बैलाचं डोकं आणलं, घोड्याचं आणलं, ते माझ्याकडेच. एकदाही बाजू चुकली नाही. त्या रविवारच्या कामाबद्दल मी माफी मागणार नाही.

फक्त एक राहिलं. पुढच्या रविवारी मी एकटाच त्या तबेल्यात गेलो होतो. मालकाला विचारलं, मरायच्या आधी कशी वागायची? म्हणाला, "गोल गोल फिरायची हो, चार दिवस. डावीकडेच." पिशवी असेल त्याच बाजूला जनावर फिरतं, हे तुम्हीच सांगितलेलं. तिथे दुसरी एक म्हैस माझ्याकडे तोंड करून उभी होती. तिचा उजवा कान धरायला म्हणून हात पुढे केला, तर तो माझ्या उजवीकडे गेला. हातात तिचा डावा कान. मणीसुद्धा मी तसाच बांधला होता, सर.

तुमचा पत्ता अजून पाठ आहे. तेव्हाही होता. त्या रविवारी लोकलने परत येताना डोंबिवली आली, मी उतरलो नाही.