अठरा एचपीचा हिशोब

आबा, आज दुकानात वेल्ह्याकडचा एक शेतकरी आला होता. त्याच्याकडं आपल्यासारखाच छोटा ट्रॅक्टर आहे आणि त्याला मागं जोडायचा जनरेटर घ्यायचा आहे. किती केव्हीएचा घेऊ, असं त्यानं विचारलं. मी आकडा सांगितला, तो मान हलवून गेला, आणि मी संध्याकाळपर्यंत तो आकडा कागदावर ताडून पाहत राहिले. तुमच्या माघारी मी कापूरहोळला मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक विश्वासानं येतात. पण ट्रॅक्टर आणि जनरेटरचं नाव निघालं की मला अजून तो श्रावण आठवतो.

त्या आधीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. भारनियमनाचे दिवस होते. दादाची पिठाची चक्की दिवसदिवस बंद पडायची आणि बायका दळणाचे डबे उंबऱ्यावर ठेवून परत जायच्या. आपली खाचरं अरुंद म्हणून तुम्ही अठरा एचपीचा ट्रॅक्टर घेतला होता, त्यालाच जनरेटर जोडून चक्की चालवायची असं ठरलं. मी तेव्हा उत्रोलीला मावशीकडं राहून भोरच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स नुकता पुरा केला होता. तुम्ही मला सोबत घेतलंत. दुकानदार पंधरा केव्हीएचं यंत्र दाखवत होता. उद्या भाताची मशीन लावाल, परवा आणखी काही, लहान घेऊन पस्तावाल, असं त्याचं म्हणणं. मी हळूच बोलले की अठरा एचपी ही इंजिनाची ताकद. मागच्या फिरत्या दांड्यावर, पीटीओवर, त्यातली पंधराच्या आसपास मिळते, आणि एका किलोवॅटला दोन एचपी तरी लागतातच. म्हणजे ओढून ताणून सात किलोवॅट. यंत्र मोठं घेतलं की माणूस भारही मोठा टाकतो, मग इंजिन गुदमरतं, व्होल्टेज पडतं आणि मोटारी जळतात. साडेसात केव्हीए पुरे. दुकानदार हसला. मला वाटलं तुम्हीही हसाल. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि म्हणालात, "पोरगी म्हनती तेवढंच द्या."

आबा, तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. घरी येईपर्यंत मी तो हिशोब मनात पुन्हापुन्हा मांडत होते. वर्गात चूक झाली तर सर खोडून द्यायचे. इथं खोडायला कुणी नव्हतं.

चक्की चालली. भीती जरा मागं पडली. मग तो श्रावण आला. वहिनी दिवस भरून वेल्ह्याच्या दवाखान्यात होती. तीन दिवस पावसानं उसंत दिली नव्हती, खांब पडून तालुक्याची लाईट गेली होती, आणि घाटात दरड आल्यामुळं पुण्याकडं जायची सोय उरली नव्हती. दुपारी दादाचा फोन आला. बाळ आडवं आहे, सिझर करावं लागेल, दवाखान्याच्या जनरेटरमध्ये पाणी शिरलंय आणि इन्व्हर्टर संपत आलाय. तुम्ही फोन ठेवलात, घोंगडं पांघरलंत आणि मागं जनरेटर जोडून ट्रॅक्टर काढलात. मी चाकावरच्या पत्र्यावर बसले.

दवाखाना डॉक्टर नवराबायको चालवायचे. बाई ऑपरेशन करणार, साहेब भूल देणार. मी आधी मेन स्विच पाडला आणि मीटरजवळचे फ्यूज काढून खिशात घातले. वर घाटात वायरमन खांबावर असतील, आपला करंट उलटा लाईनवर गेला तर त्यांच्यातलं कुणी जायचं. फ्यूज खिशात आहेत ना, हे मी त्या दुपारी कितीदा चाचपून पाहिलं ते मोजलं नाही. मग जनरेटरची वायर जोडली आणि बाईंना विचारून एकेक गोष्ट चालू केली. टेबलावरचा मोठा दिवा, रक्त शोषून घ्यायचं मशीन, बाळाला ऊब द्यायचा हीटर. सिस्टर म्हणाल्या, हत्यारं उकळायचं भांडं लावावं लागेल. ते एकटंच तीन किलोवॅट खात होतं. मी बेरीज केली, बसत होतं. दवाखान्यातलं बाकी सगळं बंद ठेवायला सांगितलं आणि हो म्हणाले. बाईंनी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी थांबून विचारलं, "मध्येच जाणार नाही ना?" मी नाही म्हणाले.

दार बंद झालं. बाहेर पत्र्याच्या शेडखाली तुम्ही थ्रॉटलवर हात ठेवून उभे होता. पीटीओच्या त्या दांड्यावरचं झाकण कधीच तुटलेलं. तो उघडाच गरगरत होता, आणि तुमच्या घोंगड्याचं टोक त्याच्यापासून हातभर लांब लोंबत होतं. मी जनरेटरच्या बोर्डाजवळ उभी राहून एक डोळा व्होल्टेजच्या काट्यावर आणि एक त्या टोकावर ठेवून होते. कशाला जास्त भ्यायचं ते कळत नव्हतं.

आणि काटा खाली आला. इंजिन कण्हायला लागलं. दाराच्या काचेतला पांढरा उजेड पिवळा झाला, आतून बाईंचा आवाज आला, "लाईट बघा." माझा हिशोब चुकला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तुमच्याकडं धावले, आणि पलीकडं जायला जवळची वाट म्हणून तो फिरता दांडा ओलांडायला पाय उचलला. ओढणी पुढं उडाली. तुम्ही माझा खांदा धरून मला मागं भिरकावलंत, मी चिखलात पडले.

"मरायचंय का तुला?" तुम्ही ओरडलात. जन्मात एकदाच ओरडलात माझ्यावर. मग श्वास घेऊन, आवाज खाली आणून म्हणालात, "इंजिन बरोबर हाय. आत कुनीतरी कायतरी लावलंय. जा, बघ."

मी तशीच चिखलानं भरलेली आत पळाले. जिन्याखाली एका पेशंटचा नातेवाईक नळाला पाणी नाही म्हणून पंपाचं बटण दाबून उभा होता. पंप नुसता गुरगुरत होता. मी त्याला ढकलून बटण बंद केलं. इंजिन मोकळं झालं. काच पुन्हा पांढरी दिसायला लागली. मी पंपाच्या बटणावर पाठ टेकवून उभी राहिले आणि तिथून हलले नाही. किती वेळ गेला माहीत नाही. आतून आधी हत्यारांचा आवाज, मग काहीच नाही. त्या शांततेत मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, घ्यायची भीती वाटली. मग एक बारीक, चिडकं रडणं ऐकू आलं.

मुलगी झाली. वहिनी वाचली. हीटर लागणार होता म्हणून दिवस मावळेपर्यंत तुम्ही ट्रॅक्टर बंद केला नाहीत. सिस्टरनी चहा दिला तो तुम्ही उभ्यानंच प्यालात. मी शेजारी गेले तेव्हा कपबशी वाजत होती. मला वाटलं इंजिनाच्या हादऱ्यानं वाजतेय. पण तुम्ही ट्रॅक्टरला टेकला नव्हता.

"भ्यालीस का गं?" तुम्ही विचारलंत.

"न्हाई," मी म्हणाले.

"म्या लई भ्यालो," तुम्ही म्हणालात, आणि कप माझ्या हातात दिलात.

पुढं तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. मीही नाही. नंतर तुमचं दुखणं आलं आणि बोलायचं राहून गेलं. हे लिहून झालं की दुकानाच्या खणात टाकीन. पाठवायला पत्ता कुठला. पण तुम्ही एवढं सरळ सांगितलंत त्याचं उत्तर माझ्याकडं अडकून राहिलंय. व्हय आबा, भ्याले होते. आज त्या शेतकऱ्याला आकडा सांगतानाही भ्यालेच.