किफ-किफ

वाशीम, सोमवार, ता. १२ जानेवारी १९२०

लबाड! जगदेव लबाड निघाला!

गिरजाच्या लग्नाची तिथी धरायला आज जऊळक्याला गेलो होतो. माझी धाकटी बहीण मीच त्याला देऊ केली, सुपारीही मीच फोडली. चावडीवर कोणीतरी त्याच्या लंगड्या पायाची चेष्टा केली, फ्रान्सची लढाई निघाली, आणि हा माझ्याबद्दल सांगतो कसा — "इंद्रभान बेसुद पडला होता. म्याच त्याले खांद्यावर घेऊन चिखलातून आनलं."

अरे, खांद्यावर कोण होतं? गोळी तुझ्या पायात! माझ्या फुटक्या डोक्याला फडकं बांधून तुला डॉक्टरच्या तंबूत मी नेलं! ताडकन उठलो. "ऐकून तं घे," म्हणाला. नाही ऐकलं.

ता. १३

झोप नाही. आम्ही दोघं खेचरांच्या पलटणीत, एका रोटीचे दोन तुकडे करून खायचो. ते पाहून तिथला फ्रेंच आचारी म्हणायचा — किफ-किफ. म्हणजे सारखं, बरोबरीचं. तेव्हापासून तो आमचाच शब्द झाला. एकदा एक अल्जेरियाचा अरब शिपाई हसला. म्हणे, शब्द आमचा, हे लोक आमच्या मुलखात आले आणि उचलून घेऊन गेले. आचारी ऐकेना — माझा बापसुद्धा हेच बोलायचा!

जगदेवनंही माझी गोष्ट तशीच उचलली. आता त्याला ती बापजाद्यांची वाटत असेल.

शनिवार, ता. १७

मंगरूळच्या मौलवीसाहेबांना शब्दाचं मूळ विचारलं. कशाला विचारलं, देव जाणे. ते म्हणाले, किताबी अरबीत 'कैफ' म्हणजे 'कसा'. तिकडच्या बोलीत झिजून 'किफ' झाला — 'च्यासारखा'. दोनदा म्हटलं की हा त्याच्यासारखा, तो याच्यासारखा. नशेचा कैफ, तोही अरबीच. म्हटलं, मौलवीसाहेब, दोस्तीचा कैफ होता, उतरला.

घरी येऊन सोयरीक मोडल्याचा निरोप धाडला.

ता. १८

गिरजा दिवसभर माझ्याकडे पाठ करून वांगी तोडत होती. मी तिच्याच भल्याचं केलं ना?

रविवार, ता. २५

पोहरादेवीचा भाऊसिंग आला होता. आमच्याच पलटणीतला. त्याच्यापुढे जगदेवला मनसोक्त शिव्या घातल्या. त्यानं चहा खाली ठेवला.

"जगदेव खोटं नाई बोलला. तुले आधी त्यानंच नेलं, पुलापासून त्या पडक्या कोठ्यापर्यंत. तू मेल्यावानी होता. कोठ्यापाशी त्याच्या पायाले गोळी लागली. मंग तू सुदीवर आला अन् त्याले नेलं. तुले कोनी सांगतलं नाई?"

नाही सांगितलं. जगदेवनंही नाही, पाच वर्षांत एकदाही नाही. आणि मी माझी अर्धी गोष्ट साऱ्या वाशीमभर मिरवत हिंडलो. उद्या जऊळका गाठतो. पाय धरीन त्याचे, तोच लंगडा पाय धरीन.

ता. २६

जगदेव नाही. गुरुवारच्या गाडीनं मुंबईला गेला, परत येणार नाही म्हणून सांगून गेला. त्याच्या आईनं, सोजरबाईनं, पाणी दिलं. माझ्यासाठी काही निरोप?

"एकच सबद बोलला, बाबू. मले तं समजला नाई. किफ-किफ."

घरी गिरजानं अर्थ विचारला. म्हटलं, बरोबरीचं — आधी त्यानं मला नेलं, मग मी त्याला.