तळं पोहून जाण्याआधी खोली नंबर चारने लिहून ठेवलेलं

मी, खोली नंबर चारचा पाहुणा, वय वर्षे एकवीस, शिक्षण कायद्याचं दीड वर्ष, धंदा सध्या या लॉजच्या होड्या खरवडून देणे, आज सकाळी, पोट रिकामं आणि डोकं ठिकाणावर असताना, कोणी भरीला न घालता (दुर्बीणवाल्यांबद्दल पुढे येईलच) हे मृत्युपत्र लॉजच्या रजिस्टरात लिहून ठेवतो, ते येणेप्रमाणे:

१. हे लिहिणं हा इथला नियम आहे. लॉजवाल्या काकांच्या वडिलांच्या वेळी एक पाहुणा तळं पोहून पलीकडे गेला आणि तिथूनच बस पकडून पसार झाला. मागे ट्रंक, दोन कोट आणि एक अ‍ॅकॉर्डियन. कुणाला द्यायचं, कुणालाच ठाऊक नाही. अ‍ॅकॉर्डियन अजून जिन्याखाली आहे. तेव्हापासून जो पोहून जाणार, त्याने आधी रजिस्टरात सामानाची विल्हेवाट लिहायची, सगळ्यांसमोर वाचायची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. काका म्हणतात, "माणूस बुडाला तर शोधता येतो. ट्रंक कुठे ठेवायची?"

२. मी आजच पोहतोय त्याचं कारण खोली नंबर दोनचे दुर्बीणवाले गृहस्थ. पक्षी बघायला आलेत, पण बघतात माझ्याकडेच. गुरुवारी जेवताना म्हणाले, "हल्लीची मुलं काही पुरं करत नाहीत. कॉलेज अर्धं, ताटातली भाजी अर्धी." माझं डोकंच फिरलं. चमचा आपटला आणि म्हणालो, "रविवारी हे अख्खं तळं पुरं करतो, बघा दुर्बिणीतून!" काकांची मुलगी हसली. बस्स. आता माघार नाही.

(मी आजवर पोहलोय ते कॉलेजच्या तलावात, चार हात मारले की भिंत. इथे भिंत नाही. या बर्फगार पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरलं की माणूस स्वतःचं आडनाव विसरतो. असो.)

३. मोटारसायकल दादाला. ब्रेक धरून सुरू करायची. अट एकच, "तुझं ते खूळ उतरलं का?" हे वाक्य त्याने पुन्हा कुणाला ऐकवू नये.

४. कायद्याच्या वह्या आमच्या सरांना. अकरा पानं नीट आहेत, पुढे होड्यांची चित्रं आहेत. मी निघालो तेव्हा सर म्हणाले होते, "तुझ्यासारखा अशील मिळाला तर वकीलच संन्यास घेईल." सर, मी तुम्हाला माफ केलंय. पूर्ण नाही.

५. बाबांना खरं कारण. फोनवर सांगितलेला ताप खोटा होता. मित्रांबरोबर तीन दिवसांसाठी इथे आलो होतो. परत जायला बसमध्ये बसलो, बस निघाली, आणि काठावर होडीला व्हार्निश लावणाऱ्या काकांच्या मुलीने माझ्याकडे बघून ब्रश हलवला. पहिल्याच वळणावर बस थांबवून मी बॅगेसकट उतरलो आणि धावत माघारी आलो. कॉलेजला गेलो तो फक्त नाव काढून घ्यायला. त्या वेळी ती ब्रशने गांधीलमाशी हाकलत होती, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर चार होड्या खरवडून झाल्या होत्या. बाबा, रागवा, पण आईला नीट समजावून सांगा. निळा स्वेटर तिचाच आहे, तिला द्या.

६. आता मुख्य कलम. काकांच्या मुलीस, जिला इथे सगळे होडीवाली म्हणतात:

तुम्हाला मी महिन्याभरापूर्वी विचारलं, लग्न कराल का. तुम्ही म्हणालात, "वकीलसाहेब, कॉलेज अर्ध्यावर सोडलंत. मला सोडणार नाही कशावरून?" मी म्हणालो, तळं पोहून दाखवतो. तुम्ही म्हणालात, "मध्येच बुडालात तर तेही अर्ध्यावरच की!" पण खरवडायला घेतलेली एकही होडी मी अर्धी ठेवलेली नाही. जाऊन बघा, तळाला हात फिरवून बघा.

तर माझी उरलेली मिळकत तुमची. म्हणजे खरवडणी, तिची नवी मूठ, आणि आज पलीकडच्या काठावर जे काही पोचेल ते: गारठलेलं, निळं पडलेलं, दात वाजणारं, सगळंच्या सगळं. परत घेतलं जाणार नाही.

वाचून दाखवल्यानंतरची नोंद:

वरील मजकूर मी टेबलावर मोठ्याने वाचला. सहावं कलम सुरू झालं तेव्हा काकू पावाला लोणी लावत होत्या, संपलं तेव्हा टेबलक्लॉथला लावत होत्या. काका छताकडे बघत होते. शेवटी त्यांनी सही केली आणि पेन मुलीपुढे सरकवलं, "तू कर दुसरी."

तिने पेन उचललं, आणि मला कायदा आठवला. सांगणं भाग होतं. म्हणालो, "एक अडचण आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केली तर त्याच्या नावचं कलम रद्द."

"म्हणजे सहावं?"

"सहावं."

"फक्त तेवढंच? बाकी सगळं चालू?"

"हो."

सही केली की ती माझ्यातून सुटत होती, तेही चारचौघांत एक शब्द न बोलता. तिने पेनाचं टोपण लावलं आणि ते दुर्बीणवाल्यांपुढे ठेवलं.

"तुम्ही करा सही. मला नाही जमणार."

"का गं?" काकू.

"आई, ऐकलंस ना कायदा?" मग माझ्याकडे वळून, "मी होडी घेऊन शेजारी असणार आहे. दम लागला तर काठ धरायचा. त्याला अर्ध्यावर सोडणं म्हणत नाहीत. कळलं का रे?"

मी उठलो तो खुर्चीसकट. या पानावरचा डाग चहाचा आहे, खाडाखोड समजू नये.

साक्षीदार पहिले: लॉजवाले काका. (सही) "पोरगी माझ्यावर गेलेली नाही."

साक्षीदार दुसरे: खोली नंबर दोन. (सही) "भाजीही संपवावी."

स्थळ: नाश्त्याचं टेबल, तळ्याकडच्या खिडकीशी. दिनांक: नऊ जून, सकाळचे सव्वासात.

लिहून ठेवणार: खोली नंबर चार. (सही) काठावरून वल्ह्यांचा आवाज येतोय, म्हणून तारखेखाली रेघ मारायची राहिली.