मामांची दुहेरी नोंद

तंजावूर,
गुरुवार, दुपारी सव्वातीन (राहुकाळ टळल्यावर)

ती. मामा यांस, आणि ती. सासरेबुवा यांस,

प्राणेशचा दोघांनाही वेगवेगळा साष्टांग नमस्कार. (पूर्वी एकात भागत असे. आता दोन का लागतात, ते पुढे येईल.) नित्या आणि मी खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता, की नुसते बाटलीकडे बघत बसता? नारळाची चौदाही झाडं ठीक ना? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण ‘क्वालालंपूर’ हा शब्द कानावर पडला की तुम्ही फोन ठेवता. ओरत्तनाडुला येऊन समोर बसलो, तर भरदुपारी तुम्हाला झाडांना पाणी घालायचं आठवतं. म्हणून पत्र. पत्र तुम्ही अर्ध्यात सोडणार नाही, कारण माझ्या चुकांना तांबडी शाई लावल्याखेरीज तुम्हाला चैन पडत नाही. (देवनागरी तुम्हीच घोटवून घेतलीत. ऑफिसात ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे हे पत्र टेबलावर उघडं ठेवून लिहितोय आणि साहेबांना वाटतंय की मी मंत्र उतरवून घेतोय.) एक आधीच सांगून टाकतो, मला तुमच्याकडून काहीही नको आहे. नुसती हकीकत कळवतोय.

माझं काम काय, हे कुणी विचारलं की तुम्ही ‘पोस्टात असतं तसंच काहीतरी’ असं सांगता. ते फारसं चूक नाही. आमची कंपनी हॉलंडची, तिच्या कचेऱ्या अकरा देशांत, आणि इकडची माणसं तिकडे पाठवायची सगळी उठाठेव तंजावूरच्या दुसऱ्या मजल्यावरून चालते. कुणाच्या बायकोचा व्हिसा अडलाय, कुणाच्या पोराला शाळा हवी, कुणी बर्फ बघून तिसऱ्या दिवशी रडत फोन करतो, ते सगळं माझ्याकडे. तीनशेच्या वर माणसं मी परदेशी रवाना केली आणि स्वतः तिरुपतीच्या पलीकडे गेलो नाही. आता दोन वर्षांसाठी मलाच क्वालालंपूरला नेमलंय. तिरुचीहून चार तासांचं विमान. सोबत बायको नेता येते, आणि दोघांच्या आईवडिलांपैकी एकाला. माझे तर दोघेही गेले. नित्यानं त्याच दिवशी सांगून टाकलं, अप्पा येणार नसतील तर मीही येणार नाही, तू खुशाल जा आणि स्वतःच्या हातची रस्सम पी. माझ्या हातची रस्सम तुम्ही प्यायला आहात. तेव्हा तुम्ही आलात तर आम्ही जाणार, नाहीतर ती जागा सतीशकुमारला मिळणार.

आता सतीशकुमार. हा माझ्या पलीकडच्या टेबलावर बसतो. याची आत्याच याची सासू (आपल्यात काय नवल!). दोन वर्षांपूर्वी यानं एका म्हातारीच्या एका डोळ्यातल्या एकाच मोतीबिंदूवर दोनदा रजा घेतली, फेब्रुवारीत आत्या म्हणून आणि मार्चमध्ये सासू म्हणून. मी पकडला. नुसता पकडलाच नाही, तर हॉलंडला लांबलचक पत्र लिहून नियम सुचवला की एका माणसाचं कर्मचाऱ्याशी एकच नातं नोंदवावं. तिकडे ते इतकं आवडलं की अकराही देशांच्या कंप्युटरांत हा नियम बसवला आणि मला काचेची ढाल पाठवली. (नित्या ती इडलीच्या पिठावर वजन म्हणून ठेवते.) बाकी दहा देशांत या नियमाचा कुणाला काटाही टोचला नाही. त्यांचे मामा वेगळे, सासरे वेगळे. तंजावूरच्या दुसऱ्या मजल्यावर मात्र अर्धा मजला माझ्या नावानं बोटं मोडतो. आणि सतीशकुमार तेव्हापासून माझ्याशी बोलला नव्हता.

गेल्या आठवड्यात मी आमचा फॉर्म भरायला बसलो. तुमचं नाव तिथं एकोणीस वर्षं आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, ‘मामा व पालक, अपघात झाल्यास यांना कळवावे’. आता खाली लिहिलं, ‘सासरे, सोबत येणार’. कंप्युटर लालेलाल! हा माणूस आधीच नोंदलेला आहे म्हणे. सासरे हवे असतील तर मामा खोडा. बरं, खोडतो म्हटलं, तर त्यानं विचारलं, ‘ही व्यक्ती आपली पालक नाही, असे आपण जाहीर करता का?’ खाली बटण. मामा, डवऱ्याच्या वाटीतली कॉफी पार गार झाली, पण माझं बोट काही त्या बटणावर जाईना. बाबा गेल्यावर सहावीपासून माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पालकाच्या जागी तुमची सही आहे. गणितात एकतीस पडले त्या वर्षीही आहे, आणि त्या वर्षी ती जरा जास्तच ठसठशीत आहे. एका बटणानं ते सगळं खोटं ठरवायचं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना सांगितलं, एसीचा वारा लागतोय.

शेवटी नाक मुठीत धरून सतीशकुमारकडे गेलो. त्यानं दोन वर्षांचा वचपा दोन मिनिटांत काढला, म्हणजे नुसता हसत राहिला. मग म्हणाला, दोन माणसं कर. झालं! एकाला ‘बाळकृष्णराव’ केलं, दुसऱ्याला ‘बी. के. राव’. कंप्युटर खूश. पण चौथ्या दिवशी हॉलंडच्या बाईंचं पत्र आलं. हे दोन सद्गृहस्थ एकाच तारखेला जन्मले, एकाच घरात राहतात, तर ते जुळे भाऊ आहेत का? त्यांचं आपसात पटतं का? क्वालालंपूरला गेलेल्याला दुसऱ्याची आठवण येऊन त्रास तर होणार नाही ना?

आता इथं मात्र मला लाज वाटली. एवढी वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासले आणि स्वतःचाच कागद खोटा! व्हिडिओवर बाईंना सगळं खरं सांगितलं. आईचे भाऊ ते मामा, त्यांची मुलगी ती माझी बायको, म्हणून तेच सासरे. त्या कागदावर रेघा काढत होत्या. रेघ फिरून पुन्हा तुमच्याशीच यायची, की बाई ती खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. तिसऱ्यांदा जमलं. मग त्या म्हणाल्या की असा नियम करणाऱ्याला माणसांची काही माहिती दिसत नाही, कोण आहे तो? आणि त्यांनी तिथल्या तिथे शोधून काढलं. नाव माझंच निघालं. तात्पर्य, तुमची एक नोंद उडाली, दुसरी अडकून पडली आहे, आणि हकीकत इथं संपली. गुडघ्याला जपा. नित्यानं नमस्कार सांगितलाय.

तुमचा भाचा आणि जावई (माणूस एकच),
प्राणेश

ता. क. सोबत एक कागद आहे. ‘प्राणेशचा मामा मीच, आणि सासराही मीच,’ एवढंच त्यावर लिहिलंय. तुम्ही सही केलीत तर बाई दोन्ही नाती एका नावावर चढवणार आहेत. सोमवारपर्यंत पोचायला हवा. तालुका कचेरीत पस्तीस वर्षं तुम्ही तीनदा वाचल्याशिवाय कशावर सही केली नाहीत, म्हणून ओळी दोनच ठेवल्यात.

पुन्हा ता. क. झाडांची काळजी नको. सतीशकुमारची आत्या (आणि सासू) तुमच्या मागच्याच गल्लीत राहते, ती रोज पाणी घालील. तिला आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं. ही व्यवस्था सतीशकुमारनंच केली, स्वतःची संधी जात असताना. त्याच्याबद्दल वर जे लिहिलं ते थोडं सौम्य करून वाचा.

आणखी एक, शेवटचं. मला काही झालं तर कुणाला कळवायचं, याला फॉर्मात चौकट आहे. तुम्हाला काही झालं तर मला कोण कळवणार, याला चौकट नाही. पोंगलनंतर तुम्ही विहिरीपाशी पडलात, ते मला तिसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं, आणि तेव्हा मी क्वालालंपूरला नाही, बसनं तासाभरावर होतो. सही करा, मामा. आणि पहिल्या पानावर ‘मला तुमच्याकडून काहीही नको आहे’ असं लिहिलंय, ते तांबड्या शाईनं खोडून टाका.