नमुना क्र. ४

बुधवार, १० डिसेंबर २०२५
शनिवारी मैत्रीण ज्योत्स्नाबरोबर वाइनरी बघायला जायचं ठरलं. तीन ठिकाणं: गंगापूर धरणाजवळची, दिंडोरी रोडची, निफाडची. गाडी ती चालवणार. ती पीत नाही.
अडचण एकच. मार्गशीर्ष. ज्यूस कंपनीच्या लॅबमध्ये मी पर्मनंट व्हावं म्हणून आई चारही गुरुवार करतेय. महिनाभर अंडं, मटण, दारू बंद, असा मी तिला शब्द दिलाय.
माहिती काढली. वाइन चाखताना घोट तोंडात फिरवून थुंकायचा असतो. त्यासाठी वेगळं भांडं ठेवतात. पोटात शून्य मिली. शब्द मोडत नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर
आईला सांगितलं, निफाडला द्राक्षाचे नमुने बघायला जातेय. वाक्यात चूक काही नाही. डबा देऊ का म्हणाली, उन्हाचं उपाशी फिरू नकोस. नको म्हणाले. जरा जोरातच म्हणाले.

शनिवार, १३ डिसेंबर. संध्याकाळी ७.
वाइनरी १: पाच प्रकार. पहिला घोट फिरवला, भांड्यावर वाकले. थुंकवेना. ताटात चार शितं टाकली तरी आई उठू द्यायची नाही. शेवटी द्राक्षंच ती. गिळला. अपवाद म्हणून.
वाइनरी २: चार अपवाद. एकूण अंदाजे १८० मिली.
वाइनरी ३: नोंद नाही.
ज्योत्स्ना म्हणाली, "योगे, तुझं भांडं कोरडं ठणठणीत आहे गं." पद्धत बदलली आहे, असं सांगितलं.
निफाडच्या वाइनरीवाल्या काकांनी तासभर सगळं समजावून सांगितलं आणि मग विचारलं, घरी न्यायला देऊ का? नाही म्हणणं बरं दिसेना. एक बाटली, लाल, ७५० मिली.

रविवार, १४ डिसेंबर
बाटली कपाटात ठेवता येत नाही, कपाट आई आवरते. लॅबच्या रिकाम्या बाटलीत वाइन ओतली. लेबल लावलं: 'द्राक्षरस, नमुना क्र. ४'. द्राक्षरसच आहे, फक्त पुढच्या टप्प्यातला. फ्रिजच्या दारात ठेवली. शनिवारी महिना संपतो. तोपर्यंत हात लावायचा नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर
खराब झाली का ते तपासलं. ५० मिली. नाही झाली.

गुरुवार, १८ डिसेंबर. संध्याकाळी ७.४५.
शेवटचा गुरुवार. उद्यापन. सात सवाष्णी.
५.१० ला आईचा व्हॉइस मेसेज आला होता. फुलं आणायला सांगत असेल, असं धरून न ऐकता अंगठा पाठवला. पंचवटीच्या सिग्नलला ऐकला: "योगिनी, मसाला दूध फाटलं गं. फ्रिजमधला तुझा रस देऊ का बायकांना?"
घरी पोचले तर सातही जणींच्या हातात ग्लास. घटापुढे नैवेद्याची वाटी, तीही लाल. शेजारच्या कुसाबाई लालबुंद होऊन हसत होत्या. "योगे, लय झाक रस केला गं! घशातून उतरताना गरम लागतो बघ. काय घातलं काय यात?"
मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात आई म्हणाली, "आलं. आलं जास्त पडलंय तिच्याकडून."
वाचले. आईला आल्याची चव वाटली. मी एक शब्दही खोटा बोलले नाही.
खरं रविवारी सांगायचं. मुद्दे काढून ठेवते.

शुक्रवार, १९ डिसेंबर
पर्मनंटचं पत्र मिळालं. 'नोंदींमध्ये अचूक आणि विश्वासार्ह', असं लिहिलंय. आईला दाखवलं. तिने वाचलं, देवापुढे ठेवलं, कणीक मळायला बसली. दमली असेल.

रविवार, २१ डिसेंबर
मुद्दे तीन होते. पहिल्याच्या अर्ध्यावर आई म्हणाली, "आल्याला तसला वास नसतो, योगिनी."
नैवेद्य आधी चाखायचा, हुंगायचा नसतो, म्हणून तिने वाटी भरताना तोंड बाजूला केलं होतं. वास आला तो कुसाबाईंच्या ग्लासातून. तोवर सगळ्यांचे अर्धे झाले होते. "सात बायकांपुढे तुझं नाव कसं घेऊ? घटासमोर खोटं बोलले मी. माझे चार गुरुवार गेले. पुढच्या वर्षी परत धरते."
पुढचे गुरुवार मी धरते म्हणाले. "शब्द देऊ नकोस," म्हणाली. रागावली नव्हती. तेच वाईट.
ठरवलं: आजपासून जे आहे तेच बोलायचं. सगळ्यांशी.
बाटली घासत होते. लेबल निघेना. तेवढ्यात कुसाबाई दारात, हातात रिकामा तांब्या. "योगे, त्यो आल्याचा रस उरला का गं? त्या दिवशी गुडघं लय हलके झाले व्हते."
आईने माझ्याकडे पाहिलं. "तिलाच विचारा," म्हणाली.
मी म्हणाले, आलं संपलं.